सव्वीस पेट्या आणि बँकरचा फोन

‘डील या नो डील’ या खेळात स्पर्धकाला काहीही यावं लागत नाही. प्रश्न नाहीत, शर्यत नाही. समोर बंद पेट्या असतात, अमेरिकी आवृत्तीत २६, ब्रिटनमध्ये २२. प्रत्येकीत एक रक्कम, अगदी चिल्लरीपासून डोळे दिपवणाऱ्या आकड्यापर्यंत. कुठल्या रकमा आहेत हे फलकावर सगळ्यांना दिसतं; कुठली कशात आहे हे स्पर्धकालाही ठाऊक नसतं आणि सूत्रधारालाही.

एक पेटी स्वतःसाठी राखायची. मग २६ पेट्यांच्या खेळात उरलेल्यांतल्या आधी सहा उघडायच्या, नंतर पाच, चार, तीन, दोन आणि पुढे एकेक. उघडलेली रक्कम खेळातून बाद. प्रत्येक टप्प्याला फोन वाजतो आणि पडद्याआडचा ‘बँकर’ रोख आकडा सांगतो: एवढे घे, पेटी मला दे. हो म्हटलं की खेळ संपला.

पेट्यांचा हा खेळ हॉलंडमध्ये एंडेमॉल कंपनीच्या कार्यक्रमातून २००२ साली सुरू झाला. आपल्याकडे २००५ मध्ये तो सोनी वाहिनीवर आला. आधी आर. माधवन, मग मंदिरा बेदी सूत्रधार होते. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या घरांतही तो हिंदीतूनच पोचला. पण त्याचं खरं यंत्र समजायला भाषा लागत नाही, पाटी-पेन्सिल पुरते.

समजा पाच पेट्या उरल्यात: १००, १,०००, १०,०००, एक लाख आणि पाच लाख. सरासरी १,२२,२२० रुपये. आता एक उघडायची. पाच लाख सोडून इतर कुठलीही रक्कम निघाली, अगदी एक लाख निघाले, तरी उरलेल्यांची सरासरी वाढते. म्हणजे पाचातल्या चार वेळा आकडा वर सरकतो. म्हणूनच माणसाचा हात पुढे जातो. पण पाचव्या वेळी सरासरी एकदम २७,७७५ वर येते. चढ लहान आणि वारंवार, उतार क्वचित आणि कडेलोट. स्टुडिओतले नातेवाईक “अजून एक, अजून एक” का ओरडतात, ते या हिशेबातून कळतं.

बँकर तर पूर्ण सरासरीही देत नाही. पहिल्या फेऱ्यांत त्याचा भाव सरासरीच्या कितीतरी खाली असतो, फेऱ्या वाढतात तसा तो सरासरीजवळ येतो. सुरुवातीला कोणी हो म्हणू नये, खेळ रंगावा, यासाठीच ही आखणी. आणि काहींना वाटतं तसं शेवटी पेटी बदलून नशीबही बदलत नाही. पेट्या स्पर्धकाने आंधळेपणाने उघडलेल्या असतात. दोनच उरल्या आणि मोठी रक्कम अजून बाद झालेली नसेल, तर ती दोघींपैकी कुठेही असण्याची शक्यता सारखीच.

अर्थशास्त्रज्ञांना हा खेळ सोन्याची खाण वाटला, कारण खऱ्या आणि मोठ्या पैशासमोर माणूस कसा वागतो हे प्रयोगशाळेत बघता येत नाही. मार्टाइन फान डेन आसेम, रिचर्ड थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या खेळावरचा अभ्यास २००८ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला. त्यातला एक डच स्पर्धक मला विसरता येत नाही. मोठ्या रकमा हातच्या गेल्यावर तो चांगले भावही नाकारत गेला. शेवटी उरले दहा युरो आणि दहा हजार युरो. बँकरने सहा हजार देऊ केले, म्हणजे सरासरीहूनही जास्त. तो नाही म्हणाला. पेटीत दहा युरो निघाले. त्याच्या मनात मागच्या मोठ्या भावाचा आकडा बसला होता, आणि त्यापुढे सहा हजार त्याला तोटाच दिसत होता. त्याला मूर्ख म्हणणं अन्याय आहे. एकदा ऐकलेला भाव कोणाच्याच मनातून सहज उतरत नाही.

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेत हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असावं. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची ही यात्रा भरते आणि तिचा बैलबाजार नावाजलेला. बैलबाजारातल्या सौद्याची जुनी रीत म्हणजे दलालाने उपरण्याखाली हात घेऊन बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूला उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. मला यात मोठं शहाणपण दिसतं: चार लोकांसमोर मोठा भाव नाकारल्याची लाज नको आणि टाळ्यांच्या नादात हट्टही नको. शिवाय गिऱ्हाईक आधी दात बघतं, खूर बघतं, बैल चालवून बघतं. स्टुडिओत मात्र बघण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं. तिथे निर्णय एकट्याचा आणि गर्दी सगळ्यांची.

शहापूर तालुक्याने तर रोख भावाचा याहून फार मोठा प्रसंग पाहिला. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. इगतपुरी ते आमणे हा त्याचा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तो याच तालुक्यातून जातो. सुरुवातीला भूसंचयाची, म्हणजे जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याची, योजना पुढे आली, तिला इथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. मग थेट खरेदी आली. ग्रामीण भागात संमतीने जमीन दिली तर कायद्याच्या मोबदल्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे सगळं मिळून बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत. घराघरांतल्या सातबाऱ्यावर भावांची, चुलत्यांची, बहिणींची नावं असतात; हो किंवा नाही त्या सगळ्यांनी मिळून म्हणायचं होतं.

टीव्हीवरच्या स्पर्धकाने नाही म्हटलं तरी त्याच्याकडे पेटी राहते, भले तिच्यात दहाच युरो असोत. घरून आणलेलं तो काहीच गमावत नाही. इथे नाही म्हणणाऱ्याची जमीन सक्तीच्या संपादनात जाणारच होती, फक्त ते वरचे २५ टक्के मिळणार नव्हते.