रेंज नसली तरी फोनला शेत सापडतं

घाटंजी तालुक्यातल्या कपाशीच्या शेतात उभं राहून ई-पीक पाहणी, म्हणजे फोनवरून पिकाची नोंद, करताना अनेकांना वाटतं, रेंज नाही म्हणजे लोकेशन मिळणार नाही. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ आणि आपली जागा सांगणारे संदेश पाठवतात. फोन ते फक्त ऐकतो, उलट काहीच पाठवत नाही. त्यामुळे सिमकार्ड नसलं तरी चालतं. संदेश यायला किती वेळ लागला, यावरून अंतर निघतं. इथं एका सेकंदाचा दहालाखावा भाग चुकला तरी ३०० मीटरचा फरक पडतो! उपग्रहांत अणुघड्याळं असतात, फोनमध्ये नाहीत. म्हणून जागा काढायला तीन नव्हे, चार उपग्रह लागतात. चौथ्यामुळे फोनच्या घड्याळाची चूक निघते. जीपीएससारखेच आपल्या इस्रोचे नाविक उपग्रहही बऱ्याच नव्या फोनना कळतात.

मग नेट कशाला? उपग्रह कुठे आहेत ही माहिती नेटवरून लगेच मिळते. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच संथपणे उतरते. अर्धं मिनिट, कधी जास्त. नकाशाचं चित्र मात्र नेटवरूनच येतं. तेव्हा घरूनच नकाशा डाउनलोड करून ठेवा, आणि शेतात झाडाखाली नको, मोकळ्या आभाळाखाली थोडं थांबा.