वेटिंगमधली गाडी, चाळीतला कांदा

चीनने एप्रिल २०२५ मध्ये दुर्मीळ खनिजांपासून बनणाऱ्या चुंबकांची निर्यात आवळली, ऑक्टोबरमध्ये नेक्स्पेरिया या कंपनीच्या चिप अडकल्या आणि ‘वेटिंग किती?’ हा प्रश्न शोरूममध्ये परत आला. कळवणहून नाशिकला गाडी बघायला निघालेल्यांनी २०२१ची चिपटंचाई आठवून पाहावी. तेव्हा बिघडलेलं गणित अजून पुरतं जागेवर आलेलं नाही.

त्याआधी गिऱ्हाईक महिनाअखेर गाठायचं, दोन शोरूमची कोटेशनं समोरासमोर ठेवायचं, विमा आणि सीट कव्हर पदरात पाडून घ्यायचं. यार्डात गाडीच उभी नसेल तर घासाघीस कशावर करायची? उलट, गाडी लवकर हवी तर अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज घ्या, असं ऐकावं लागलं.

सप्टेंबर २०२१ मध्ये महिंद्राने चिपअभावी सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवलं. ७ ऑक्टोबरला एक्सयूव्ही ७००चं बुकिंग उघडलं आणि ५७ मिनिटांत २५,००० गाड्यांची नोंदणी झाली. पहिल्या खेपेला ११.९९ लाखांपासून असलेली किंमत पुढच्या खेपेला १२.४९ लाखांवर गेली.

त्याच महिन्यात चाकणच्या मर्सिडीज-बेंझने याहून मोठा बदल केला. गाडीचा साठा कंपनीच्या मालकीचा झाला, बिल कंपनीचं, देशभर भाव एकच आणि डीलरला कमिशन. किमतीवरची सौदेबाजी संपली. तरी २०२१ मधली ११,२४२ गाड्यांची विक्री २०२२ मध्ये १५,८२२ वर गेली, तोवरचा हा विक्रम होता. जगभरात कंपनीने हाती आलेल्या चिप आधी महागड्या मॉडेलना दिल्या. २०२१ मध्ये गाड्या कमी विकल्या गेल्या, नफा मात्र वाढला. एकच भाव हा पारदर्शक व्यवहार आहे, हे मान्य. पण तो भाव ठरवताना गिऱ्हाइकाला विचारतं कोण?

कळवणच्या शेतकऱ्याला हा प्रश्न जास्त बोचतो. त्याच्या मालाची टंचाई झाली की सरकार लगेच धावून येतं. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यातबंदी आली, पाठोपाठ घाऊक व्यापाऱ्यांना २५ टनांची साठामर्यादा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आणि ८ डिसेंबरला पुन्हा बंदी. चाळीत राखलेल्या मालाला चार पैसे मिळायची वेळ आली की दार बंद होतं. गाडीच्या टंचाईत भाव चढवायला मात्र कुणाची आडकाठी नसते. कांदा रोजच्या ताटातला आणि मर्सिडीज हौसेची, हे खरंच. पण शहरातलं ताट स्वस्त ठेवण्याचा सगळा भार शेतकऱ्यानेच का उचलायचा?

गाडीवर भावबंदी घाला, अशी मागणी कुणी करणार नाही. पण बुकिंगच्या पावतीवर ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ अशी बारीक अक्षरातली ओळ असते, तिच्यावर ग्राहक संरक्षण यंत्रणेने बोट ठेवायला हवं. आगाऊ रक्कम घेतली त्या दिवशीचा भाव किमान सहा महिने बांधील असावा, आणि तारीख उलटली तर भरलेल्या रकमेवर व्याज मिळावं.