सुरक्षेची किंमत कोणी मोजायची?

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या फोनवर वाहतूक दंडाचा संदेश आला. गाडीचा क्रमांक बरोबर होता, परिवहन खात्याचे बोधचिन्ह होते आणि सोबत ‘पावती’ म्हणून एक फाईल होती. ती पावती नव्हती, ते ॲप होते. फोनमध्ये शिरताना त्याने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, ती दिली गेली, आणि पुढच्या पाऊण तासात बँकेकडून येणारे ओटीपी मालकाआधी चोरांनी वाचले. उभी हयात सरकारी टिपणीतला स्वल्पविरामही तपासून पाहण्यात गेलेला हा गृहस्थ. बंगळुरूला संगणक क्षेत्रात असलेल्या त्यांच्या मुलाचा पहिला उद्गार होता, ‘‘बाबा, आयफोन घेतला असता तर हे झालंच नसतं.’’

मुलाचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते, आणि मी अस्वस्थ झालो तो त्यामुळेच.

आयफोनवर भारतात ॲप येते ते फक्त ॲपलच्या स्वतःच्या दुकानातून, कंपनीने तपासल्यावर. कोणी फाईल पाठवली आणि ती बोटाने दाबली, म्हणून ती ॲप होऊन बसत नाही. आणि बसलेल्या ॲपलाही फोनवरचे एसएमएस सरसकट वाचण्याची सोय तेथे नाही. युरोपीय संघाने कायदा करून २०२४ च्या मार्चपासून ॲपलला इतर दुकानांसाठी दार उघडायला लावले, पण ते युरोपपुरते. अँड्रॉइडची रचना मुळातच निराळी आहे. तेथे गुगलचे दुकान असले, तरी मालकाची इच्छा असेल तर एका इशाऱ्यानंतर बाहेरचे ॲपही घेता येते. ‘हा फोन तुमचा आहे, त्यावर काय ठेवायचे ते तुम्ही ठरवा’ ही त्यामागची भूमिका. तत्त्व म्हणून ती मला आजही पटते. माझ्या सहकाऱ्यांचे पैसे गेले ते मात्र याच दारातून. बाहेरून येणारी आणि एसएमएस वाचू पाहणारी ॲप भारतात आपोआप रोखण्याचा प्रयोग गुगलने २०२४ च्या अखेरीस जाहीर केला. म्हणजे ‘खुल्या’ व्यवस्थेलाही शेवटी दाराला कडी लावावी लागली.

सायबर फसवणुकीत २०२४ या एका वर्षात नागरिकांनी सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावल्याचे केंद्रीय गृह मंत्रालयाने लोकसभेत सांगितले. यातील सगळा दोष फोनच्या प्रकाराचा नाही, हे उघड आहे. ‘डिजिटल अटके’चा धाक दाखवणारा भामटा समोरच्याच्या हातात कोणता फोन आहे हे विचारत नाही, तो भीतीवर व्यापार करतो. तरीही या रकमेतला जो वाटा घातक ॲपमार्फत गेला, तो बव्हंशी एकाच प्रकारच्या फोनमधून गेला असणार, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग सर्वांनी आयफोनच घ्यावा का? दिवाणखान्यातील चर्चा येथे संपते. धोरणाचा प्रश्न येथून सुरू होतो. आपल्या देशात शंभरातील नव्वदहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. त्याला अभिरुची कारण नाही, किंमत कारण आहे. २००७ च्या नोव्हेंबरात गुगलने हातफोन उत्पादकांची आघाडी उभी केली आणि अँड्रॉइडचा गाभा कोणालाही वापरता येईल असा ठेवला. त्यामुळे लहानमोठ्या कंपन्यांना पाच-सात हजारांत फोन विकता आला. यूपीआय खेड्यातल्या पानटपरीपर्यंत पोहोचले ते या फोनच्या पाठीवर बसून. २०१६ च्या डिसेंबरात ‘भीम’ हे ॲप आले तेव्हा ते आधी अँड्रॉइडवर आले, आयफोनवर काही आठवड्यांनी. नागरिकाच्या खिशात काय आहे, हे सरकारला पुरते ठाऊक होते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे रेल्वेच्या रुळांची आठवण होते. डलहौसीने हिंदुस्थानासाठी साडेपाच फुटांचा रुंद रूळमार्ग निवडला. १८७० मध्ये मेयोच्या राजवटीने खर्चाची ओढाताण पाहून मीटरमापी मार्ग आणला. तो स्वस्त होता. म्हणूनच जेथे एरवी गाडी पोहोचली नसती तेथे ती पोहोचली. पण दोन मापे जेथे भेटत, तेथे मालाचे प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्यात जाई. हा उद्योग शतकभराहून अधिक काळ चालला, आणि सर्व मार्ग एकाच मापाचे करण्याची मोहीम सुरू झाली ती थेट १९९२ मध्ये. मेयोचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. खर्च वाचला नव्हता, तो फक्त पुढच्या पिढ्यांच्या खात्यावर मांडला गेला होता, इतकेच.

स्वस्त फोनमध्येही खर्च असाच पुढे ढकललेला असतो, आणि त्याचे नाव अपडेट. फोनच्या प्रणालीतली भगदाडे रोज सापडतात आणि रोज बुजवावी लागतात. ॲपल फोन आणि प्रणाली दोन्ही स्वतःच बनवते, त्यामुळे दुरुस्ती एकाच दिवशी सर्वांकडे जाते आणि बरीच वर्षे जात राहते. अँड्रॉइडमध्ये गुगल दरमहा दुरुस्त्या प्रसिद्ध करते. मग चिप बनवणारा, त्यानंतर फोन बनवणारा, अशी ती फाईल टेबलामागून टेबल ओलांडते. सचिवालयात आयुष्य गेलेल्या माणसाला यापुढचे सांगायला नको. गुगल आणि सॅमसंग यांनी २०२३-२४ पासून आपल्या महागड्या फोनसाठी सात वर्षांची हमी दिली आहे. तळच्या श्रेणीतील फोनला दोन-तीन वर्षे मिळाली तरी पुष्कळ. प्रणालीचे काही भाग उत्पादकाला वगळून थेट दुरुस्त करण्याची सोय गुगलने २०१९ पासून केली, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. पण तिने सर्व भगदाडे बुजत नाहीत. आणि गरिबाघरचा फोनच सर्वाधिक काळ चालतो. थोरल्या भावाकडून तो बहिणीकडे जातो, तिच्याकडून आईकडे. ज्याचे बँक खाते सर्वांत दुबळे, त्याच्या हातातला फोन सर्वांत उघडा.

महाग फोन म्हणजे अभेद्य किल्ला, असेही कोणी समजू नये. पेगासस या हेरप्रणालीने आयफोनमध्येही शिरकाव केल्याचे जगभर आढळले, तेही मालकाने काहीही न दाबता. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये हे प्रकरण उघडकीस आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक समिती नेमली. तिने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये घातक प्रणाली आढळली. ती पेगाससच होती, असा निष्कर्ष मात्र निघू शकला नाही. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर विरोधी पक्षांतील काही नेत्यांना खुद्द ॲपलकडूनच धोक्याच्या सूचना गेल्या. तात्पर्य, आयफोन भुरट्या चोराला बाहेर ठेवतो. ज्याच्यामागे राज्यसंस्थेएवढे बळ आहे, त्याला थोपवेल याची खात्री नाही.

बंद व्यवस्थेची दुसरी बाजू ‘ट्राय’ला अनुभवावी लागली. नको असलेल्या व्यापारी दूरध्वनींची तक्रार करता यावी म्हणून दूरसंचार नियामकाने एक ॲप काढले. अँड्रॉइडवर ते २०१६ मध्येच आले. ॲपलने मात्र नकार दिला. कॉल आणि संदेशांची नोंद कोणत्याही ॲपच्या हाती देणे हा ग्राहकाच्या खासगीपणाचा भंग ठरेल, असे तिचे म्हणणे होते. वाद दोन वर्षे चालला. २०१८ च्या नियमावलीत ट्रायने तरतूद केली की, असे ॲप चालू न देणाऱ्या फोनची दूरसंचार जाळ्यावरील मान्यता काढता येईल. अखेर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते ॲप आयफोनवर आले. तोवर कंपनीने प्रणालीत अशी तजवीज केली होती की, ग्राहक स्वतः निवडेल तेवढाच कॉल वा संदेश तक्रारीत जाईल. त्या काळी दिल्लीतील माझे बहुतेक सहकारी ट्रायच्या बाजूने होते, मीही होतो. आता वाटते, कंपनीची भीती अनाठायी नव्हती. एसएमएस वाचू देणारी तीच परवानगी पुढे चोरांच्या कामी आली. तरीही एका खासगी कंपनीने सार्वभौम देशाच्या नियामकाला दोन वर्षे दारात उभे करावे, हेही मला पचत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर सरकारने ‘संचार साथी’ ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच बसवून देण्याचा आदेश काढला आणि गदारोळानंतर आठवड्याच्या आत मागे घेतला. त्या वेळी कंपन्यांचा नकार अनेकांना नागरिकांची ढाल वाटला.

स्पर्धा आयोगाचाही अनुभव असाच दुधारी. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने अँड्रॉइडमधील वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तो योग्यच होता. फोनवर कोणती ॲप आधीपासून ठाण मांडून बसणार हे एकट्या कंपनीने ठरवणे ही मक्तेदारी आहे. पण त्याच आदेशात, बाहेरून ॲप घेण्यावर गुगलने निर्बंध घालू नयेत, असाही एक निर्देश होता. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि चार निर्देश रद्द केले. त्या चारांत हाही होता. स्पर्धेचा कायदा जे दार उघडू पाहतो तेच दार सुरक्षेचा कायदा बंद करू पाहतो, आणि ही दोन खाती एकमेकांशी बोलतात असे मला सेवेत असताना क्वचितच दिसले.

वापरण्यातील सुलभतेबद्दल आयफोनची ख्याती मोठी आहे, पण ती इंग्रजी जाणणाऱ्याची ख्याती आहे. अँड्रॉइड २०१४ पासून मराठी, तमिळ, तेलुगू, बंगाली बोलू लागले. आयफोनच्या पडद्यावर अनेक वर्षे हिंदी ही एकच भारतीय भाषा होती. भाषा येऊनही अडचण सरत नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले: फोन तापतात, त्यांची साठवण अपुरी, आणि पोषण आहाराच्या नोंदींचे ॲप इंग्रजीत. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारून घेतलेला फोन दोन वर्षांत काय होतो, हे त्या बायकांनी वित्त विभागाहून अधिक नेमके सांगितले.

‘भारओएस’सारखा स्वदेशी पर्याय हवाच, असा एक सूर उमटतो. आयआयटी मद्रासच्या छत्रातून आलेला हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. पण त्याचाही पाया अँड्रॉइडचा खुला गाभाच आहे. माझ्या मते त्याहून साधे आणि तातडीचे काम वेगळे आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून, सुरक्षा दुरुस्त्या कोठवर मिळतील हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. युरोपीय संघाने जून २०२५ पासून विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षे अपडेट देणे बंधनकारक केले. आपल्याकडे वैधमापन नियमांनुसार बिस्किटाच्या पुड्यावरही कमाल किंमत आणि महिना छापावा लागतो. फोनच्या खोक्यावर ‘सुरक्षा दुरुस्ती अमुक तारखेपर्यंत’ ही एक ओळ छापण्याची सक्ती करायला नवा कायदा कशाला हवा? ग्राहक व्यवहार विभाग वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकावर काम करीत आहेच. त्यात हा निकष अग्रभागी हवा. आणि सरकारी खरेदीत, सेविकांसाठी असो वा तलाठ्यांसाठी, पाच वर्षांच्या हमीविना निविदाच स्वीकारू नये. फोन हजार-दीड हजाराने महागेल, हे मी मान्य करतो. तो खर्च आजही होतोच आहे. फक्त ज्याच्या खात्यातून पैसे जातात तो एकटाच तो भरतो.

माझ्या सहकाऱ्यांनी त्याच रात्री १९३० वर तक्रार नोंदवली. थोडी रक्कम वाटेत गोठवली गेली, उरलेली गेली ती गेलीच. मुलगा आयफोन पाठवायला तयार होता. त्यांनी ऐकले नाही, नवा फोन निवृत्तिवेतनातूनच घ्यायचा म्हणाले. आम्ही दोघे दुकानात गेलो. ‘‘याला अपडेट कधीपर्यंत मिळतील?’’ त्यांनी विचारले. विक्रेत्या मुलाने खोके हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून पाहिले. किंमत होती, आयातीचा महिना होता, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल तर तीन ठिकाणी होते. ‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.’’