दोष बॅटरीचा की तारांचा?

पावसाळ्याच्या दिवसांत सकाळी कामावर निघताना सेल्फ स्टार्टरचे बटण दाबावे आणि इंजिन सुरू होण्याऐवजी नुसता 'टक् टक्' आवाज यावा, हा अनुभव शहरातील मोटारसायकलस्वारांना नवा नाही. कोपऱ्यावरचा मेकॅनिक बहुधा 'बॅटरी गेली' असे निदान करून मोकळा होतो. नवी बॅटरी बसते, हजार-दोन हजार रुपये खर्च होतात आणि महिन्याभरात पुन्हा तोच आवाज ऐकू येतो. अशा वेळी बॅटरी ही गुन्हेगार नसून बळी असण्याचीच शक्यता अधिक असते.

पूर्वी अशा प्रसंगी किक मारून वेळ निभावता येत असे. आज अनेक मोटारसायकलींना किकच नसते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटता राहतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार होऊन त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्यातील पेट्रोलपंप आणि नियंत्रक संगणक दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर अशी गाडी ढकलूनही बहुधा सुरू होत नाही. त्यामुळे विजेचे मूळ दुखणे ओळखणे आता अधिक गरजेचे झाले आहे.

त्यासाठी काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या धन अग्राला आणि काळे टोक ऋण अग्राला लावावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ किंवा त्याहून अधिक व्होल्ट दिसले, तर बॅटरी भरलेली आहे. आकडा १२ च्या खाली असेल, तर ती जवळजवळ रिकामी आहे. भरलेल्या बॅटरीवर सेल्फ दाबताच आकडा ९.५ च्याही खाली कोसळला, तर मात्र ती खरोखरच थकली आहे असे समजावे.

पुढची चाचणी सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच बहुतेकदा टाळली जाते. इंजिन सुरू करून वेग थोडा वाढवावा व पुन्हा मोजावे. मीटरवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा साडेबारापाशीच रेंगाळत असेल, तर बॅटरी चार्जच होत नाही. दोष मॅग्नेटोच्या कॉइलमध्ये, रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये असतो. कनेक्टरचे प्लास्टिक काळवंडलेले किंवा वितळलेले दिसले, तर शोध बहुधा तिथेच संपतो. उलट आकडा १५ च्या पुढे गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे. तसे असेल, तर नवी बॅटरीही लवकरच खराब होईल आणि बल्ब वरचेवर उडतील. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून 'चार्जिंग आहे का' ते पाहण्याची जुनी पद्धत काही मेकॅनिक अजूनही वापरतात. त्यांना नम्रपणे थांबवावे. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळून नियंत्रक संगणक जळू शकतो आणि तो बॅटरीच्या कितीतरी पट महाग असतो.

बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही ठीक असूनही सेल्फ अडखळत असेल, तर संशय अर्थिंगवर घ्यावा. मीटरचे काळे टोक बॅटरीच्या ऋण अग्रावर आणि लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ दाबावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आकडा दिसला, तर वाटेत कुठेतरी गंज आहे. सेल्फची मोटर एका दमात कित्येक अँपिअर प्रवाह ओढते आणि गंजाचा पातळ थरही तो अडवतो. तारेचे टोक पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली, की दुखणे अनेकदा थांबते. इंडिकेटर लावताच मागचा दिवा मंद होणे हेही अशाच खराब अर्थिंगचे लक्षण आहे.

सेल्फ दाबल्यावर काहीच आवाज येत नसेल, तर आधी किल स्विच, साइड स्टँड आणि क्लचचा स्विच तपासावा. नंतर फ्यूज पाहावा. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याचा किंवा 'मोठा फ्यूज टाका, म्हणजे परत जाणार नाही' हा सल्ला धोकादायक आहे. फ्यूज वितळला नाही, तर तार तापते आणि ती टाकीखाली असते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर नंतर बसवलेले जादा दिवे, मोबाइल चार्जर आणि अलार्म सोडवून पाहावेत.

सर्वांत चकवणारा दोष कधी येतो, कधी जातो. त्यासाठी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवावे आणि हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवावे. दिवा लुकलुकला किंवा इंजिन बंद पडले, तर हँडलच्या मानेपाशी वाकून वाकून एखादी तार आतून तुटली आहे. वरचे आवरण मात्र शाबूत दिसते, म्हणून ती नुसत्या नजरेला सापडत नाही.