एका थेंबात साडेसहा हजार किलोमीटर

रक्ताचा एक थेंब म्हणजे साधारण 50 मायक्रोलिटर. त्यात फायब्रिनोजेन या प्रथिनाचे सुमारे 145 लाख कोटी रेणू असतात. एकेक रेणू जेमतेम 45 नॅनोमीटर लांब. पण सगळे टोकाला टोक लावून मांडले तर ओळ साडेसहा हजार किलोमीटर भरते, म्हणजे जमिनीपासून थेट पृथ्वीच्या केंद्रापर्यंत. अंगातल्या पाच लिटर रक्ताचा हिशेब केला तर आकडा 65 कोटी किलोमीटरवर जातो. सूर्य आपल्यापासून 15 कोटी किलोमीटरवर आहे.

या रेणूंचे धागे होऊन जाळे विणले गेले की रक्त गोठते. धागे करते थ्रॉम्बिन, आणि ते ज्यातून कापून निघते ते प्रोथ्रॉम्बिनही रक्तात अहोरात्र फिरत असते. सगळे सामान हाताशी असताना आपण उभ्या उभ्या गोठत कसे नाही?

याचे उत्तर जागेत आहे. प्रोथ्रॉम्बिन कापणारे ‘फॅक्टर टेन-ए’ मोकळे फिरत असताना अगदीच सुस्त असते. मात्र पेशीच्या आवरणावर, कॅल्शियमच्या मदतीने, ‘फॅक्टर फाइव्ह-ए’ त्याच्या जोडीला बसले की वेग सुमारे तीन लाख पटींनी वाढतो. तीन लाख मिनिटे म्हणजे 208 दिवस. जोडी जमल्यावर मिनिटात उरकणारे काम एकट्याने करायला त्याला जवळपास सात महिने लागले असते. मैदानभर पांगलेली माणसे एका बाकावर आणून बसवावीत, तसे आवरण या प्रथिनांची गाठ घालून देते.

हा बाक एरवी मिळत नाही. पेशीचे आवरण दोन थरांचे, जाडी चार-पाच नॅनोमीटर. त्यातला फॉस्फॅटिडिलसेरीन हा ऋणभारित स्निग्ध पदार्थ पेशी ऊर्जा खर्च करून आतल्या थरातच राखते. शरीरात एक लाख कोटीच्या आसपास प्लेटलेट असतात, पण जखमेपाशी चेतवल्या गेलेल्या प्लेटलेटच तो बाहेर काढतात. कॅल्शियम पेशीबाहेर आतल्यापेक्षा दहा हजार पट असते. ते आत घुसते आणि थरांची उलथापालथ होते. प्रोथ्रॉम्बिनच्या एका टोकाला के जीवनसत्त्वाच्या मदतीने घडवलेली दहा खास अमिनो आम्ले असतात. कॅल्शियमच्या दुव्याने ती या थराला चिकटतात. रक्त गोठू नये म्हणून दिली जाणारी वॉरफरिनची गोळी ही घडणच अडवते: प्रथिन तयार होते, पण त्याला आवरणावर नीट बसता येत नाही.

फुरसे नावाचा साप मात्र हा सगळा बंदोबस्त ओलांडतो. त्याच्या विषातले एक विकर प्रोथ्रॉम्बिन थेट कापते. त्याला ना आवरण लागते, ना फॅक्टर फाइव्ह, ना कॅल्शियम. जखम नसलेल्या ठिकाणीही थ्रॉम्बिन तयार होते, फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि उरलेले रक्त गोठेनासे होते. म्हणूनच डॉक्टर दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिले, तर प्रतिविष द्यावे लागते. फुरसे चावल्याची खूण कितीही किरकोळ दिसो, ही तपासणी घरी होणारी नाही. आधी रुग्णालय गाठा.