वाऱ्याची लॉटरी नव्हे

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधील शिडाच्या नौकांच्या शर्यती भूमध्य समुद्रात, मार्सेय येथे झाल्या. वारा पडल्यामुळे तिथे काही शर्यती लांबणीवर टाकाव्या लागल्या. अशा वेळी हमखास आक्षेप घेतला जातो, की ज्याला वारा मिळाला तो जिंकला, यात खेळाडूचे कर्तृत्व ते काय? एका शर्यतीपुरता हा आक्षेप खरा असू शकतो. संपूर्ण स्पर्धेला तो लागू पडत नाही.

शिडाची नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. शीड वाऱ्याला वळवते तेव्हा निर्माण होणाऱ्या जोराचा मोठा भाग नौकेला आडवे ढकलतो. पाण्यात उतरवलेली उभी फळी हे आडवे सरकणे रोखते आणि उरलेला जोर नौकेला पुढे नेतो. म्हणून वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन राखून, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत, नागमोडी वाटेने वाऱ्याच्या दिशेला ठेवलेली तरंगती खूण, म्हणजे बोया, गाठावा लागतो. या वाटेवर १०० मीटर कापले, की बोयाच्या दिशेने प्रगती होते सुमारे ७१ मीटर. वाऱ्याची दिशा १० अंशांनी बदलली, तर एका बाजूने निघालेल्या नौकेला तेवढ्याच प्रवासात ८२ मीटर मिळतात, दुसऱ्या बाजूच्या नौकेला जेमतेम ५७. हे बदल पुष्कळदा आळीपाळीने होतात. पाण्यावर सरकत येणारा गडद पट्टा झुळकीची वर्दी देतो, तर तापलेला किनारा समुद्रावरून वारा खेचून घेतो. या खुणा वाचून वेळेवर वळणे हेच खरे कौशल्य.

तरीही एखादी झुळूक नशिबानेच मिळते, हे मान्य. म्हणूनच पदक एका शर्यतीवर ठरत नाही. ‘इल्का ७’ या एकट्याने चालवायच्या नौकेच्या प्रकारात पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, अशी मोजणी होते. कमी गुणांचा खेळाडू पुढे राहतो आणि प्रत्येकाची सर्वांत वाईट शर्यत वगळली जाते. पॅरिसमध्ये शेवटच्या पदक-शर्यतीचे गुण मात्र दुप्पट धरले गेले. पैसेवाल्याची नौका वेगवान असणार, ही शंकाही इथे टिकत नाही, कारण सर्वांच्या नौका एकाच आराखड्याच्या असतात. प्रशिक्षणाच्या संधींतील विषमता उरतेच, पण तो दोष वाऱ्याचा नाही. ब्राझीलच्या रॉबर्ट शाइट यांनी १९९६ ते २०१२ या सलग पाच ऑलिंपिकमध्ये पदके मिळवली; ऑस्ट्रेलियाच्या मॅट वेर्न यांनी टोकियोतील सुवर्ण पॅरिसमध्ये राखले. नशीब एकाच माणसावर इतके सातत्याने मेहेरबान होत नाही.

हे कौशल्य आपल्यालाही परके नाही. १९८२च्या आशियाई स्पर्धेतील शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्ण मिळवून दिले. तोच समुद्र आजही आपल्या दाराशी आहे. किनाऱ्यावरच्या शाळांनी वारा, कोन आणि गुणांचे हे गणित मुलांना नौकेत बसवून शिकवायला हवे.