लाखोरी आणि पायांचा हुकूम

भंडाऱ्याकडे धान कापणीला येण्याआधीच बांधीत लाखोरी या कडधान्याचं बी फेकतात. हे उतेऱ्याचं पीक. नांगरट नाही, ओलीत नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर ते उगवतं. पावसाने दगा देऊन धान गेलं तरी लाखोरी हाती लागते, शिवाय तिच्यात पाव हिश्शाहून अधिक प्रथिनं. तरीही १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. बंदीचं कारण समजायला चेतासंस्थेत उतरावं लागतं.

चालण्याचा हुकूम ढोबळमानाने दोन चेतापेशींतून खाली येतो. पहिली मेंदूच्या माथ्याशी, दोन गोलार्धांमधल्या फटीच्या आतल्या बाजूला असते. तिचा तंतू लंबमज्जेत बाजू बदलतो, म्हणून उजवा पाय डावा मेंदू हलवतो. तिथून तो मज्जारज्जूत शिरून कमरेपर्यंत येतो. अर्ध्या मीटरच्या आसपास लांबी, आणि ही सगळी एकच पेशी! कमरेच्या भागात दुसरी पेशी हुकूम घेते आणि स्नायूपर्यंत पोचवते.

पोलिओत दुसरी पेशी मरते. स्नायू सैल पडतो, सुकतो. लाखोरीच्या आजारात, म्हणजे लॅथिरिझममध्ये, उलट घडतं. पहिली पेशी खराब होते, दुसरी जिवंत राहते, पण तिच्यावरचा वरचा धाक संपतो. मज्जारज्जूतल्या प्रतिक्षिप्त क्रिया मोकाट सुटतात. गुडघ्याखाली हलकी टिचकी मारली तरी पाय उसळतो. मांड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, टाचा टेकत नाहीत, माणूस चवड्यांवर कात्रीसारखे पाय टाकत चालतो; पुढे एक काठी, मग दोन, शेवटी रांगणं. बुद्धी मात्र शाबूत, स्पर्शही बहुधा शाबूत. इतक्या नेमकेपणाने एकच मार्ग तोडणारी विषं थोडीच.

ते विष १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी वेगळं केलं. ओडॅप हे त्याचं नाव. त्याची घडण ग्लुटामेटशी जुळते, आणि ग्लुटामेट हा तर मेंदूचा रोजचा निरोप्या. तो निरोप देतो आणि लगेच बाजूला होतो. ओडॅप त्याच जागी बसून पेशीला चेतवत राहतं. कॅल्शियम आत लोटतं आणि पेशी मरते.

पण भातासोबतच्या वाटीभर वरणाने हे होत नाही. दोन-तीन महिने दुसरं काही मिळालंच नाही, तर होतं. रेवा भागातल्या वेठबिगारांना मजुरीच या धान्यात मिळे. १९४२-४३ मध्ये, महायुद्धाच्या काळात, युक्रेनमधल्या वाप्न्यार्काच्या छावणीत ज्यू कैद्यांना हेच खायला घातलं आणि शेकडो जण अपंग झाले. कारण ओळखलं कैद्यांतल्याच डॉ. आर्थर केस्लर यांनी. माझ्या मते डाळीपेक्षा दुष्काळ आणि मालक यांच्यावर खटला अधिक भक्कम उभा राहतो.

खाणं थांबलं की आजार सहसा पुढे सरकत नाही, मात्र मागेही फिरत नाही. हातातला तुटलेला चेतातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढू शकतो. मज्जारज्जूतल्या तंतूला ते जमत नाही. औषधांनी फार तर ताठरपणा कमी होतो. त्यामुळे उपाय आधीच करायचा. ओडॅप पाण्यात विरघळतं. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की बरंचसं निघून जातं. ओडॅप मुळातच कमी असलेले ‘रतन’ आणि ‘प्रतीक’ हे वाणही शास्त्रज्ञांनी तयार केले आहेत.